नदी किती पावलांवर

दसरा झाला की वाशिमच्या हवेत कुटार उतरतं. गावाबाहेर मळणीयंत्रं सुरू झालेली असतात. सोयाबीनच्या शेंगांचा बारीक भुगा वाऱ्यावर येतो, दोरीवरची चादर काढून झटकली की नाकात खाज सुटते. मी दरवर्षी खिडक्या लावून घेते. यंदाही लावल्या आणि सुट्टीतली साफसफाई काढली. कपाटाच्या खालच्या कप्प्यातून कॅनव्हासचे पांढरे बूट निघाले. नऊ नंबरचे. डाव्याचा तळ पुढून एका बाजूला पार झिजलेला. बूट पुसले, पिशवीत घातले आणि हे कोणाला देता येतील याचा विचार करू लागले. एक बूट असा झिजलेला, म्हणजे कोणालाच नाही. पिशवी परत कप्प्यात ठेवली. एवढंच झालं. छातीत काही हललं नाही.

हे आधीच सांगून टाकते, कारण लोक विचारतात. माझा नवरा, सुखदेव, उन्हाळ्यात गेला. मी रडले नाही. जलदान विधीच्या दिवशी माझी धाकटी नणंद, रिठदची कुसुम, मला बाजूला घेऊन म्हणाली, "वयनी, रडा वं एकडाव. लोकं पाहून राह्यले."

"पाहू दे. जेवणाचं झालं काय ते पाह्य आधी," मी म्हणाले.

त्यात कठोरपणा नव्हता. दाढ काढायच्या आधी डॉक्टर सुई मारतो, मग तास दोन तास गाल आपलाच असतो, हात लावला की हाताला लागतो, पण गालाला हात लागत नाही. माझं तसं झालं आहे. सुईचा अंमल कधी उतरतो याची मी वाट पाहत नाही. शाळेत सात तास असतात, त्यातले पाच मैदानावर.

मी शाळेत पी.टी. शिकवते. सव्वीस वर्षं झाली. शिट्टी, डावा-उजवा, रांगेत उभं राहा, हात बाजूला. आमच्या प्रशिक्षणात पाऊल शिकवलेलं असतं: संचलनाचं पाऊल तीस इंचांचं. सराव करून करून ते अंगात बसतं. भाजी आणायला गेले तरी मी तीस इंचांनीच जाते. सुखदेव भूमी अभिलेखात मोजणीदार होते. त्यांचं पाऊल अडीच फुटांचं. साखळी धरून शेतं मोजण्याच्या काळात ते नोकरीला लागले, आणि साखळी पडायच्या आधी धुऱ्यावरून एक चक्कर पावलांनी मारायची ही त्यांची रीत होती. धुरा म्हणजे शेताचा बांध. नुसत्या पावलांनी ते शेताची लांबी सांगायचे, मग साखळी पडायची आणि हाताएवढाच फरक निघायचा. पुढे खात्यात यंत्रं आली, उपग्रहाकडून आकडे यायला लागले. तरी ते आधी चक्कर मारायचेच. म्हणायचे, "मशीन सांगते ते खरं. पण मले आधी माहीत पाह्यजे, म्हणजे मशीन खोटं बोलली तर पकडता येते."

तीस इंच म्हणजे अडीच फूट. लग्नानंतर आमच्या दोघांचंही हे एकाच दिवशी लक्षात आलं. जऊळक्याच्या अलीकडे एक फाटा आहे. तिथे एक कडुनिंब आहे, निंबाखाली एसटी थांबते, आणि निंबापासून गाडरस्ता निघतो तो शेतांमधून काटेपूर्णेवर जातो. पुढे अकोल्याकडे गेल्यावर ही नदी मोठी होते, तिला धरण वगैरे होतं. आमच्याकडे ती लहान आहे, कोणाच्याही डोळ्यांत भरत नाही. सुखदेवांनी तिकडचं एक भांडणाचं शेत मोजलं होतं आणि दुपारची भाकर नदीवर खाल्ली होती. लग्नाच्या पहिल्या दिवाळीत ते मला बसने तिथे घेऊन गेले. दुसऱ्यांचे नवरे बायकोला माहूरला नेत, लोणारला नेत. आम्ही निंबापासून नदीपर्यंत चाललो. दोघांनीही मनातल्या मनात पावलं मोजली, एकमेकांना न सांगता. त्यांची अकराशे चाळीस भरली, माझी अकराशे सेहेचाळीस.

"सहा कुठी गेले?" ते म्हणाले.

"तुमी खाल्ले."

"तू बोरीपाशी थांबली नाई काय? थितं पाय हालवले तू."

त्या सहा पावलांवरून आम्ही पंचवीस वर्षं भांडलो. त्यांच्या खिशातल्या डायरीत शेवटच्या पानावर 'निंब ते पाणी – ११४०' असं लिहिलेलं असायचं. डायरी बदलली की नव्या डायरीत ते उतरवून घ्यायचे. माझा आकडा कधी लिहिला नाही.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात त्यांना झटका आला. वाचा राहिली, डोकं राहिलं, डावी बाजू गेली. पुढे हात बराच आला, पाय थोडा आला. डॉक्टर तळव्याला टाचणी लावून विचारायचे, "कळतं का?" ते म्हणायचे, "आवाज आयकू येते." डॉक्टर हसायचे. मला हसू यायचं नाही. मी पाहत होते की टाचणी खरंच लागली आहे की नाही.

डॉक्टरांनी चालायला सांगितलं. वाशिममध्ये ते चालेनात. गल्लीत निघाले की ओट्याओट्यावरून विचारणा व्हायची, "कसं हाय साहेब आता?" ज्या माणसाने अर्ध्या तालुक्याच्या हद्दी ठरवल्या, त्याला गल्लीचं टोक गाठताना लोक पाहतात हे त्यांना सोसत नव्हतं. रजा दिवाळीनंतर संपत होती. साहेबांनी निरोप पाठवला होता: शेतात उभं राहता येत असेल तर मोजणीवर घेऊ, नाहीतर ऑफिसात टेबल आहे, नकलांचं. सुखदेवांनी त्या टेबलाचं नाव टाकलं होतं 'खुट्याले बांधलेलं'. म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत काय ते व्हायचं होतं. माझ्या शाळेलाही सुट्टी होती.

मी म्हटलं, "चला निंबावर."

तर तो हंगाम. एक दिवसाआड सकाळची नवाची गाडी. परतीची गाडी निंबाखाली साडेबाराला. बसस्थानकावर गाडी लागली की मी खिडकीतून रुमाल टाकायची, मग यांना दारापाशी न्यायची. एसटीची पहिली पायरी फार उंच असते. आपण ती रोज चढतो म्हणून कळत नाही. उजवा वर, मग दांडा धर, मग डावा ओढ. मागे बायका गठुडी घेऊन उभ्या, पण कोणी ढकललं नाही. एक म्हातारी दर खेपेला म्हणायची, "चढू द्या वं बाप्पा त्याले, गाडी काही पयत नाई."

तिकीट काढताना कंडक्टर म्हणाला, "काका फुल, काकू हाफ." आम्हा बायकांना अर्धं तिकीट लागतं.

"साहेब, हे उलटं झालं," सुखदेव म्हणाले. "चालाले अर्धा मी हाओ. थे तं पूर्ण हाय."

कंडक्टरला आधी कळलं नाही. कळल्यावर तो असा हसला की मागच्या सीटपर्यंत निरोप गेला. त्या दिवसापासून तो मशीनवर बोट ठेवून विचारायचा, "आज कोण अर्धं?" सुखदेवही दर वेळी तेच उत्तर द्यायचे. मला त्याचा कंटाळा यायचा. कंटाळा हे चांगलं लक्षण आहे, असं मला आता वाटतं. हल्ली तोही येत नाही.

त्या दिवसांत गाडी भरलेली असायची. सोयाबीन निघालं, हातात काम नाही, मग माणसं ऊसतोडीला जायला निघतात. भांडी, गोधड्या, एखादी शेळी, झोपलेली लेकरं. आम्ही दोघंच असे होतो की ज्यांच्याकडे सामान नव्हतं. कोणी विचारलं कुठं चालले, तर सुखदेव म्हणायचे, "नदीवर." "काय हाय नदीवर?" "पाणी." पुढे विचारायला काही उरायचं नाही.

निंबाखाली वच्छलामावशीचं चहाचं टपरं आहे. चार पत्रे, एक बाकडं, एक स्टो. मावशी तिथे किती वर्षं आहे कोणाला ठाऊक. पहिल्या दिवशी आम्ही उतरलो, मावशीने पाहिलं, सगळं तिच्या लक्षात आलं, आणि ती एवढंच म्हणाली, "येताना चहा घेजा." जाताना घ्या म्हणाली नाही. बसल्यावर हा माणूस उठणार नाही हे तिला कळलं असावं.

चपला पायातून निसटायच्या म्हणून मी शाळेच्या संचलनाचे कॅनव्हासचे बूट आणले होते. नाड्या मीच बांधायची. उजवा पाय टप् पडायचा, डावा सर्र ओढायचा. गाडरस्त्याच्या मऊ मातीत डाव्याची एक लांब रेघ उमटत जायची. मी त्यांच्या डावीकडून, अर्धं पाऊल मागे, हात धरायचा नाही पण हाताच्या अंतरावर राहायचं. सवयीने तोंडातून निघून गेलं, "डावा... उजवा... डावा..."

"मी पाचवीतला पोट्टा हाओ काय?"

"पाचवीतले बरे. उलटं बोलत नाईत."

पहिल्या दिवशी चारशेवर थांबलो. तिथे कोणाच्या तरी सोयाबीनची सुडी रचलेली होती, ताडपत्रीने झाकलेली. तिला टेकून उभे राहिले, घाम पुसला. तुरीला पिवळी फुलं लागली होती आणि त्यांवर माश्यांचा आवाज होता. लांबून मळणीयंत्राचा घरघराट. मी घड्याळ पाहिलं आणि म्हटलं, फिरा. परत फिरलो.

तिसऱ्या खेपेला नदी आली. आधी काशाचे पांढरे तुरे दिसतात, मग बेशरमीची जांभळी फुलं, मग ओल्या मातीचा वास, आणि पाणी अगदी शेवटी. गुडघाभर पाणी, खाली गोल दगड, त्यांवर हिरवी मखमल. एक खंड्या तारेवरून सूर मारायचा आणि दर वेळी रिकामा परत यायचा. सुखदेव दगडावर बसले. मग खिशातून डायरी काढली.

"तेवीसशे चार," ते म्हणाले.

मी त्यांची सुटलेली नाडी बांधली.

"अकराशे चाळीस होतं. अंतर वाढलं हाय."

"अंतर कायले वाढते?"

"थांबा हालवला असन एसटीनं."

परतल्यावर त्यांनी मावशीला विचारलं. मावशी चहा गाळत होती. "थांबा थितच हाय भाऊ. थांबा म्हंजे मी. मी कुठी जाऊन राह्यली?"

"मंग नदी सरकली."

"नदी कायले सरकन? तिची काय बदली होते काय?"

सुखदेवांनी हा मुद्दा सोडला नाही. घरी त्यांनी मला समजावून सांगितलं. नदी सरकते. नोकरीत त्यांनी पाहिलेलं आहे. कागदावर नदी इथे असते, जमिनीवर दोन शेतं पलीकडे. एकाचं शेत खाते, दुसऱ्याला गाळ देते, आणि दोघंही मोजणीचा अर्ज करतात. त्यांना खरंच तसं वाटत होतं, की ते माझी गंमत करत होते, की हे म्हटल्याशिवाय त्यांना पुढच्या वेळी निघताच आलं नसतं, मला अजून सांगता येत नाही. चेहरा नेहमीचा मोजणीदाराचा होता, दोन भाऊबंद दोन्ही बाजूंनी ओरडत असताना असायचा तसा.

पुढच्या खेपेला एकवीसशे दहा. मग अठराशे नव्वद. डायरीत आकडे एकाखाली एक. ते म्हणाले, "पाह्य, परत येऊन राह्यली हळूहळू."

"कोण?"

"नदी. कोण मंग."

एकदा परतताना निंब नजरेत आला आणि साडेबाराची गाडी आधीच उभी होती. ती थांबते ती हात दाखवल्यावर, आणि हात दाखवायला निंबाखाली कोणी नव्हतं, मावशी स्टोपाशी पाठमोरी होती, फक्त एक बाई उतरत होती. गाडीने धूर सोडला. यांना पळता येणार नाही, यांना सोडून मला पळता येणार नाही. गळ्यात शिट्टी होती. सुट्टीतही असते. मी ती मैदानावर वाजवते तशी वाजवली, लांब आणि दोन तोकड्या. गाडी गचकन थांबली. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढून मागे-पुढे पाहिलं. त्याने गाडी बंद करून तंबाखू मळली, तोंडात टाकली, तरी आम्ही पोचलो नव्हतो. वर चढल्यावर तो म्हणाला, "मॅडम, मले वाटलं आरटीओ." सुखदेव आठवडाभर हे सगळ्यांना सांगत होते, माझ्या शिट्टीच्या नकलेसकट.

तेव्हापासून मी फाट्यावर कधी बसले नाही. ते बाकड्यावर बसून चहा प्यायचे आणि मी रस्त्याच्या कडेला उभी. मावशी म्हणायची, "बस वं माय घडीभर." मी म्हणायची, "गाडी जाईन." माझा चहा मी उभ्याने प्यायले, दर खेपेला.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी सतराशे चाळीस भरली. सुखदेव दगडावर बसले होते. पाणी आणखी उतरलं होतं, खडक उघडे पडले होते. ते म्हणाले, "तू मोज एकडाव."

"कायले?"

"तुया पाय सरकारी हाय. तुयानं समजन नदी कुठी हाय ते."

"मी तुमचा पाय पाह्यते, का माये पाय मोजते?"

"परतताना मोज. मी चालतो बरोबर."

मी मोजलं नाही. माझा आकडा अकराशे चाळीस येणार हे मला माहीत होतं. फार तर सहा जास्त. तो त्यांच्या तोंडावर म्हणायचा नव्हता आणि खोटा सांगायचा तर मी खोटे आकडे सांगत नाही. म्हणून म्हटलं, "पुढच्या दिवाळीले मोजीन."

"मोजजो पण. तवापावतर येते थे जाग्यावर."

सोमवारी ते रुजू झाले. साहेबांनी त्यांना दारातून खुर्चीपर्यंत येताना पाहिलं आणि टेबल दिलं, नकलांचं. घरी येऊन म्हणाले, "खुटा चांगला हाय. पंख्याखाली हाय." त्यानंतर त्यांनी नदीचं नाव काढलं नाही. डायरी नवी घेतली. शेवटच्या पानावर काही उतरवलं नाही, हे मी पुढे पाहिलं. उन्हाळ्यात दुसरा झटका आला. त्या वेळी कोणाला टाचणी लावायची वेळ आली नाही.

हे सगळं मी आठवत बसले नव्हते. बूट निघाले, आणि बुटांवरून आठवलं की एक काम राहिलेलं आहे. सांगितलेलं काम राहिलं की मला झोप लागते, पण सकाळी लवकर जाग येते. म्हणून नवाची गाडी धरली, ती त्या दिवशी दीड तास उशिरा सुटली. रुमाल टाकायची गरज पडली नाही, जागा होती. कंडक्टर दुसरा होता. त्याने अर्धं तिकीट फाडून दिलं आणि पुढे गेला. तीच गठुडी, तशीच झोपलेली लेकरं. खिडकीतून कापलेली शेतं दिसत होती, मध्ये तुरीच्या ओळी तेवढ्या उभ्या. काही वाटतं का ते मी पाहत होते. जिभेने बधिर हिरडी चाचपतात तसं. काही नव्हतं.

निंबाखाली उतरले. मावशीने माझ्यामागे पाहिलं, गाडीच्या दाराकडे. दार लागलं, गाडी गेली.

"भाऊ?"

"गेले. उन्हाळ्यात."

मावशीने स्टो बंद केला. मग परत लावला. "येताना चहा घेजो," ती म्हणाली.

मी निंबाच्या बुंध्याला पाठ लावली, जशी ते लावायचे, आणि निघाले. एक, दोन. सरळ, नेहमीसारखी. हातात काही नाही, कोणाकडे पाहायचं नाही. बोरीला यंदा बोरं कमी होती. सुडी त्याच जागी होती, ताडपत्री नवी. चारशेला तिथे पोचायला हवं होतं, असं काहीतरी मनात आलं आणि मी ते सोडून दिलं, कारण चारशे हा त्यांचा आकडा होता, माझा नव्हता. मोजत राहिले. मोजताना दुसरं काही करता येत नाही, हे मोजण्यात चांगलं आहे. काशाचे तुरे आले. बेशरम आली. ओल्या मातीचा वास आला. पाण्याच्या कडेला उजवा पाय ठेवला आणि आकडा म्हटला. आवाज मोठा निघाला असावा, तारेवरचा खंड्या उडाला.

सतराशे बारा.

मी घड्याळ पाहिलं. अठ्ठावीस मिनिटं. दहा लागतात.

चुकलं असेल, शंभराची गफलत होते. पण सहाशेची होत नाही, माझी तर नाहीच. मी दगडावर टेकले नाही. वळले आणि पुन्हा पहिल्यापासून मोजत निघाले, या वेळी पायांकडे पाहत. उजवा पाय ठीक पडत होता. मग डावा यायचा, उजव्याच्या टाचेशी यायचा, तिथे घडीभर थांबायचा, कोणी मागे असल्यासारखा, आणि मग पुढे जायचा. मी त्याला तीस इंच टाक म्हटलं. दहा पावलं टाकली त्याने. मग पुन्हा थांबायला लागला. मातीत माझ्या उजव्या बाजूला कोणी नव्हतं, रेघ नव्हती. मी मात्र रस्त्याच्या एका कडेनेच चालले होते, एका माणसाची जागा सोडून.

निंबाच्या बुंध्याला हात लावला तेव्हा सतराशे तीस झाली होती. साडेबाराला पाच मिनिटं होती. मावशीने गाळणी झटकली.

"मावशी," मी विचारलं, "नदी सरकली काय वं?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं. बदलीचा विनोद तिच्या लक्षात असणार.

"हाव माय," ती म्हणाली. "सरकली. बस."

वळणावरून गाडीचा हॉर्न ऐकू आला. चहा फार गरम होता, जीभ भाजली, चांगलीच भाजली. गाडी निंबाजवळ हळू झाली, ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं. हात दाखवल्याशिवाय ती थांबत नाही. मी बाकड्यावर बसलेली होते, पेला दोन्ही हातांत होता.